नाताळचा पारंपरिक खाऊ घरी करायचाय: फ्रूट केक, जिंजरब्रेड, श्टॉलन, पुडिंग. दारूशिवाय, आणि काही अंड्याशिवाय. कधी काय सुरू करू?

रानजाई

नमस्कार मंडळी,
यंदा नाताळचा खाऊ घरीच करायचा असं आम्ही ठरवलंय, आणि नुसता एक केक करून थांबायचं नाहीये. त्या सणाच्या म्हणून ज्या जुन्या गोष्टी आहेत, म्हणजे भरपूर सुक्या फळांचा गडद फ्रूट केक, जिंजरब्रेडची बिस्किटं, जमलं तर त्याच बिस्किटांचं घर, वरून पांढऱ्या साखरेत घोळलेलं ते जर्मन श्टॉलन (सुक्या फळांचा गोड पाव) आणि वाफवलेलं पुडिंग, यातलं जेवढं नीट जमेल तेवढं करायचंय. नाताळला अजून पाच आठवडे आहेत म्हणून आत्ताच विचारतेय.

घरात साधा ओटीजी आहे, कुकर आहे, वजनकाटा आहे, बिटर आहे. रोजचे साधे केक मी करते, पाव पण करते, त्यामुळे यीस्टची भीती नाही. अडचणी दोन. एक म्हणजे घरात लहान मुलं आहेत आणि मोठ्यांनाही चालत नाही, त्यामुळे रम, ब्रँडी, वाइन काहीही नको. दुसरी, सासूबाई अंडं खात नाहीत आणि त्यांच्यासाठी बाजूला काहीतरी वेगळं करून ठेवलंय असं मला करायचं नाहीये, सगळ्यांनी मिळून खाता येईल असं निदान दोन-तीन पदार्थ तरी हवेत.

जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की फळं महिनाभर आधी भिजवा, केक महिनाभर आधी करून मुरवत ठेवा. रसात भिजवली तर हे चालेल का? फळं केकच्या तळाशी बसू नयेत म्हणून काय करायचं? पुडिंग कुकरमध्ये होतं का? आणि मुख्य म्हणजे कुठल्या आठवड्यात काय करायचं याचा अंदाज द्या ना प्लीज.

मंद_आच

रानजाई, पाच आठवडे आधी विचारलंत हे फार बरं केलंत. पहिल्यांदा भिजवण्याचं बोलू, कारण तुमचं सगळं वेळापत्रक त्यावरच ठरणार आहे. फळं महिनाभर भिजवणं, केक आधी करून ठेवणं आणि दर आठवड्याला त्याला चमचा चमचा पाजत राहणं, हे सगळं रम किंवा ब्रँडी वापरणार असाल तरच. अल्कोहोलमुळे बुरशी धरत नाही, म्हणून ते टिकतं. संत्र्याचा रस ते काम करत नाही, उलट त्यात साखर आणि पाणी दोन्ही असल्यामुळे फळं बाहेर ठेवलीत तर काही दिवसांत आंबायला लागतात आणि तयार केकवर रस शिंपडत राहिलात तर बुरशी हमखास येते. म्हणून तुमच्याकडे क्रम उलटा लावायचा. केक शेवटच्या आठवड्यात करायचा, आणि ज्या गोष्टी दारूशिवायही मुरतात त्या आधी हातात घ्यायच्या.

आता या पाच आठवड्यांत अगदी पहिलं काम कुठलं, तर संत्र्याची साखरेत मुरवलेली साल. विकतची बहुतेक वेळा नुसती गोड असते, तिला साल असल्याचा वासच नसतो, आणि फ्रूट केक, श्टॉलन, पुडिंग तिन्हीकडे ती लागते. जाड सालीची संत्री किंवा लिंबं घ्या, नीट घासून धुवा, सालीच्या पट्ट्या कापा. गार पाण्यात घालून उकळी आणा, ते पाणी फेकून द्या, असं तीन वेळा करा म्हणजे कडवटपणा जातो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि तेवढंच पाणी घेऊन त्यात मंद आचेवर साल पारदर्शक दिसेपर्यंत शिजवायची, पाऊण तास तरी लागतो, घाई करून मोठ्या आचेवर ठेवलीत तर साखर आटते आणि साल आतून कोरडीच राहते. जाळीवर दिवसभर सुकवा, बरणीत भरा. उरलेला पाक टाकू नका, तो श्टॉलनला किंवा मार्झिपानला, म्हणजे बदाम-साखरेच्या गोळ्याला, लागतो.

फ्रूट केकचं प्रमाण ६ इंची खोलगट टिनसाठी देते, ओटीजीला हा आकार बरोबर बसतो. काळे-पिवळे मनुके, बेदाणे, चिरलेले जर्दाळू, अंजीर, खजूर आणि ती साल असं सगळं मिळून ४५० ग्रॅम. मैदा १२५, लोणी १२५, ब्राऊन शुगर १२५ ग्रॅम, अंडी दोन, बदामाचे तुकडे मूठभर, काकवी एक मोठा चमचा, संत्र्याची आणि लिंबाची किसलेली साल, दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ मिळून एक छोटा चमचा. मसाले त्याच दिवशी कुटा, जायफळ तर किसायचंच, डब्यातल्या जुन्या पावडरीने या केकचा निम्मा जीव जातो. काकवी नसेल तर पाव वाटी साखर कोरडीच कढईत तांब्यासारखा गडद रंग येईपर्यंत वितळवायची आणि गॅस बंद करून जरा लांब उभं राहून त्यात थोडं गरम पाणी घालायचं. ते जोरात उसळतं, तेव्हा मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

फळं रसात भिजवायची ती फक्त आदल्या दिवशी, झाकून, फ्रीजमध्ये. किंवा पाऊण वाटी रसात दहा मिनिटं मंद उकळून पूर्ण गार करायची, मला हीच पद्धत आवडते कारण फळं टम्म फुगतात आणि रस बाहेर सुटत नाही. गार झाल्यावर चाळणीत निथळून घ्या.

लोणी-साखर चांगली फेटा, पाच-सात मिनिटं. अंडी फ्रीजमधून आधीच काढून ठेवा आणि थोडी थोडी घाला, फुटल्यासारखं दिसायला लागलं की चमचाभर मैदा घालायचा. मग बाकीचा मैदा, मसाले, काकवी, शेवटी फळं. बेकिंग पावडर घालायची नाही, या केकला फुगवायचं नसतं.

टिनला आतून बटर पेपरचा दुहेरी थर आणि बाहेरून खाकी कागदाची दुहेरी पट्टी सुतळीने बांधा. हे टाळू नका, ओटीजीचे रॉड टिनच्या फार जवळ असतात आणि अडीच तासात कडा करपून मध्य कच्चा राहतो. कागद रॉडला टेकत नाही ना हे आत ठेवताना बघून घ्या. १५० अंश, खालची जाळी, साधारण सव्वादोन ते अडीच तास, तासाभराने वर फॉइल सैल झाका. ओटीजीचं बटण जे तापमान दाखवतं ते आत असेलच असं नाही, ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळाला तर जरूर घ्या. सळई कोरडी यायला हवी. आणि अजून एक जुनी खूण: टिन बाहेर काढून कान जवळ न्या, आतून बारीक चुरचुर ऐकू येत असेल तर अजून पाणी आहे, परत आत ठेवा. पूर्ण थांबली असेल तर कोरडा व्हायला लागलाय. अगदी हळू ऐकू येत असताना काढायचा.

टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या. आधी बटर पेपर, मग फॉइल. फॉइल थेट लावू नका, फळांच्या आंबटपणाने ती झिजते. पाच-सहा दिवस आधी करा, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांनी चव एकमेकांत उतरते आणि सुरीने कापही सरळ पडतो.

पीठपेरणी

वर मंद_आच यांनी सगळं छान सांगितलंय. फळं तळाशी बसण्याबद्दल त्यात आलं नाही म्हणून लिहितो. फळांना कोरडा मैदा लावून घ्या असं सगळीकडे सांगतात. लावा, हरकत नाही, पण खरं काम घोळाच्या घट्टपणाचं आहे. वरच्या प्रमाणात मैद्याच्या साडेतीनपट फळं आहेत आणि घोळ चमच्यावरून सहज न पडणारा आहे, त्यात फळं बसायला जागाच नाही. तळाशी बसतात ती सैल स्पंज केकच्या घोळात टाकलेली फळं, किंवा पाकातल्या लाल चेरी, कारण त्या जड आणि निसरड्या असतात. चेरी गरम पाण्यात धुवा, अर्ध्या करा, कापडावर पूर्ण कोरड्या करा.

आता अंड्याशिवाय. वरच्याच केकमधून अंडी काढून दही घालून बघू असं करू नका, लोणी-साखर फेटून केलेल्या जड केकला अंड्याचाच आधार असतो. त्यापेक्षा उकळलेल्या फळांचा केक करा, त्याची घडणच वेगळी आहे. ३०० ग्रॅम फळं, १०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम ब्राऊन शुगर, २५० मिली संत्र्याचा रस एकत्र करून दहा मिनिटं उकळायचं आणि पूर्ण, अगदी पूर्ण गार करायचं, कोमट असताना सोडा घातला तर त्याचा सगळा जोर पातेल्यातच संपतो. मग २०० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, मसाले आणि चिमूट मीठ चाळून घालायचं, हलक्या हाताने मिसळायचं, लगेच ओव्हनमध्ये. रसाचा आंबटपणा सोड्याला जागं करतो. १६० अंशावर तास ते सव्वा तास. हा केक मऊ असतो, दाट इंग्लिश केकसारखे पातळ काप पडत नाहीत, पण चवीला अजिबात कमी नाही आणि दुसऱ्या दिवशी तर फारच सुंदर लागतो. चार-पाच दिवसात संपवा, किंवा काप करून फ्रीझरमध्ये टाका.

रानजाई

मंद_आच ताई, पीठपेरणी, खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सालीचं तर डोक्यातच नव्हतं, ते उद्याच करते. मला पटलं की केक दोन करायचे, एक अंड्याचा दाट आणि एक उकळलेल्या फळांचा, आणि तो दुसरा सगळ्यांसाठी.

श्टॉलनबद्दल कोणी सांगेल का? त्यात अंडं काढून टाकलं तर पीठ वेगळं लागेल का?

बदामगिरी

रानजाई, श्टॉलनमधून अंडं काढायची वेळच येत नाही, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या पद्धतीचं पारंपरिक श्टॉलन बिनअंड्याचंच असतं. मैदा, यीस्ट, दूध आणि भरपूर, खरंच भरपूर लोणी. सासूबाईंसाठी नाताळचा मुख्य पदार्थ हाच करा, त्यांना वेगळं काही दिल्यासारखं वाटायचा प्रश्नच नाही.

आणि हे लोणी त्यात कसं आलं ते मुलांनाही सांगा. नाताळच्या आधीचे आठवडे तेव्हा उपासाचे असायचे, लोणी चालायचं नाही, त्यामुळे तिथे तेल घालून हा पाव करायचे आणि तो रुक्ष व्हायचा. ड्रेस्डेन ज्या प्रांतात आहे त्या सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे लोण्याची परवानगी मागितली आणि १४९१ मध्ये आठवे पोप इनोसंट यांच्या पत्राने ती मिळाली, त्या पत्राला लोण्याचं पत्रच म्हणतात. १७३० मध्ये तिथल्या ऑगस्टस राजाने एका मोठ्या मेजवानीसाठी जवळजवळ १.८ टनांचं श्टॉलन भाजून घेतलं होतं. आजही ड्रेस्डेनला डिसेंबरमध्ये प्रचंड श्टॉलनची मिरवणूक निघते. २०१० पासून तर युरोपात त्या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, बाहेर केलेल्या पावाला ड्रेस्डेनचं श्टॉलन म्हणून विकता येत नाही.

पाव करता म्हणालात म्हणून थोडक्यात लिहिते. दोन मध्यम श्टॉलनसाठी ५०० ग्रॅम मैदा. त्यातला १५० ग्रॅम मैदा, १५० मिली कोमट दूध, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि चमचाभर साखर एकत्र करून पाऊण तास फुलू द्या. हा टप्पा गाळायचा नाही, कारण नंतर इतकं लोणी पडणार आहे की यीस्टने आधी जोर धरलेला असायला हवा. मग बाकी मैदा, ७० ग्रॅम साखर, एक छोटा चमचा मीठ, वेलची, जायफळ, लिंबाची साल घालून मळायला घ्या आणि २०० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं घालत जा. दूध लागलं तर दोन-तीन चमचे, जास्त नाही. दहा मिनिटं मळा. दालचिनी इथे हात राखून घाला, ती यीस्टला दाबते. तासभर विश्रांती, मग ३०० ग्रॅम मनुके, १०० ग्रॅम ती तुमची घरची साल आणि १०० ग्रॅम बदाम. मनुके रात्रभर फ्रीजमध्ये रसात भिजवून अगदी कोरडे निथळलेले हवेत, ओले घातले तर पीठ चिखल होतं. आणि फळं शेवटीच, आधी घातली तर मळताना फुटून पीठ करडं पडतं.

दोन भाग करून जाडसर लाटा, मध्ये मार्झिपानची वळकटी ठेवायची तर ठेवा, एक कड दुसरीवर दुमडा. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूचा तो आकार आहे असं मानतात. वर डोकावणारे मनुके आत ढकला नाहीतर काढून टाका, भाजताना ते कोळसा होऊन कडू लागतात. अर्धा-पाऊण तास ठेवून १७० अंशावर ४० ते ४५ मिनिटं.

यापुढचं करताना लोणी कमी करू असं मनात आणू नका प्लीज. गरम गरम असतानाच वितळलेलं लोणी ब्रशने लावा, मुरलं की परत लावा, वरून बारीक साखर, आणि गार झाल्यावर पिठीसाखरेचा जाड थर. हा थर दिसायला सुंदर आहेच, पण लोणी आणि साखरेचं ते कवच आतला ओलावा धरून ठेवतं आणि हवा लागू देत नाही. म्हणूनच हे श्टॉलन दारूशिवाय मुरतं. नीट गुंडाळून दोन आठवडे गार कोरड्या जागी, घर उबदार असेल तर सरळ फ्रीजमध्ये. खायच्या आधी तासभर बाहेर काढा म्हणजे लोणी मऊ पडेल. म्हणजे तुमच्या हिशोबाने डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भाजायचं.

मार्झिपानही घरी होतं. बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून सोला आणि पूर्ण वाळवा. तेवढीच पिठीसाखर घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा, एकसारखा फिरवलात तर बदामाचं तेल सुटतं. गुलाबपाणी किंवा सालीचा पाक चमचाभर घालून गोळा करा. अंड्याचा पांढरा भाग लागत नाही.

सुंठमिरी

जिंजरब्रेडवर कोणी बोललं नाही म्हणून मी लिहिते, हा माझा आवडीचा विषय आहे.

मैदा ३५० ग्रॅम, खाण्याचा सोडा एक छोटा चमचा, सुंठ दोन चमचे, दालचिनी एक, लवंग चिमूटभर. लोणी १२५ ग्रॅम यात चोळून घ्यायचं, मग ब्राऊन शुगर १७५ ग्रॅम, चार मोठे चमचे काकवी किंवा गोल्डन सिरप, आणि अंड्याऐवजी तीन चमचे दूध. हो, इथे अंडं सहज काढता येतं कारण बिस्किटाला उंची नकोच असते. गोळा करून निदान दोन तास फ्रीजमध्ये, आठवडाभरही राहतो. १८० अंशावर १० ते १२ मिनिटं. बाहेर काढताना मऊ वाटतात, गार होताना कडक होतात, म्हणून आत कडक होईपर्यंत ठेवू नका. घट्ट डब्यात तीन आठवडे आरामात.

घर करायचं असेल तर मात्र हीच कृती जशीच्या तशी घेऊ नका. सोडा वगळा, नाहीतर भिंती पसरतात आणि कोपरे जुळत नाहीत. आधी पुठ्ठ्याचं घर कापून चिकटपट्टीने जोडून बघा, जुळलं की तेच साचे. पीठ थेट बटर पेपरवर ५-६ मिलीमीटर जाड लाटा, साचा ठेवून कापा आणि भिंती उचलू नका, आजूबाजूचं पीठ काढून घ्या, उचललं की ताणलं जातं. कापल्यावर पेपरसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये. भाजून आल्या आल्या गरम असतानाच साचा ठेवून कडा परत सरळ कापायच्या, गार झाल्यावर कापायला गेलात तर तुकडा पडतो. भिंती दुसऱ्या दिवशी जोडा, पूर्ण कडक झाल्यावर.

जोडायला रॉयल आयसिंग. एका अंड्याच्या पांढऱ्याला २०० ते २२५ ग्रॅम पिठीसाखर आणि लिंबाचे दोन थेंब. पण ते कच्चं अंडं राहतं आणि तुमच्याकडे लहान मुलं आहेत, अंडंही सगळ्यांना चालत नाही, तेव्हा काबुली चणे शिजवलेलं घट्ट पाणी दोन मोठे चमचे घ्या, ते अगदी तसंच फेटलं जातं आणि चण्याचा वास साखरेत राहत नाही. आयसिंग इतकं घट्ट हवं की चमचा उभा राहील. वाटीवर कायम ओला कपडा ठेवा. चार भिंती जोडून आतून डबे टेकवून चार तास तरी वाळू द्या आणि मगच छप्पर. सगळ्यांची घरं छपराच्या वेळी कोसळतात ती भिंती ओल्या असतानाच छप्पर चढवल्यामुळे.

याच घराण्यातलं जर्मनीतल्या न्यूर्नबर्गचं लेबकुखन हा अजून एक सुंदर प्रकार आहे. मसाल्याच्या व्यापारी वाटा त्या शहरातून जायच्या आणि भोवतालच्या जंगलात भरपूर मध मिळायचा, त्यातून तिथे हे पदार्थ बहरले. सगळ्यात वरच्या दर्जाच्या एलिझन लेबकुखनमध्ये सुका मेवा २५ टक्के तरी लागतो आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही. ते अंड्यावरच उभं असतं त्यामुळे रानजाई, सगळ्यांसाठीच्या यादीत येणार नाही. पण मध, मैदा आणि मसाल्याचं साधं लेबकुखन अंड्याशिवाय होतं आणि ते मुरवायचंच असतं. भाजल्यावर दगडासारखं कडक होतं, डब्यात सफरचंदाची फोड ठेवली की आठवडाभरात मऊ पडतं. फोड दोन-तीन दिवसांनी बदलायची, विसरायची नाही.

मंद_आच

पुडिंग राहिलं होतं. इंग्लंडमध्ये ॲडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधीचे साधारण चार आठवडे, सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी पुडिंग ढवळायची रीत आहे, घरातला प्रत्येक जण पळी हातात घेऊन मनात काहीतरी मागतो. मुलांना हे नक्की करू द्या.

१०० ग्रॅम पावाचा ताजा चुरा, ५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, १०० ग्रॅम ब्राऊन शुगर, ३५० ग्रॅम फळं, एक किसलेलं सफरचंद, दोन अंडी, काकवी, मसाले, अर्धी वाटी रस. मूळ कृतीत प्राण्याची चरबी असते, तिच्याऐवजी १०० ग्रॅम लोणी फ्रीझरमध्ये कडक करून किसून घाला. ते सावकाश वितळतं आणि जिथे होतं तिथे पोकळी राहते, म्हणून पुडिंग जड होत नाही. वितळवून घातलंत तर गच्च गोळा होतो.

साधारण एक लिटरच्या स्टीलच्या भांड्यात भरा, वर दोन बोटं जागा ठेवा. बटर पेपर आणि फॉइलला मध्ये एक चुणी घालून वरून बांधा, पुडिंग फुगतं तेव्हा ती चुणी उघडते. साध्या पातेल्यात वाफवायला सहा तास लागतात. कुकरमध्ये आधी २०-२५ मिनिटं शिट्टी न लावता, कारण बेकिंग पावडरला आपलं काम करायला वेळ हवा, लगेच दाब आला तर पुडिंग फुगतच नाही. मग शिट्टी लावून अगदी बारीक गॅसवर दीड ते पावणेदोन तास. यात एक काळजी घ्यायचीच: प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी जातं. तासाभराने गॅस बंद करून दाब पूर्ण उतरू द्या, झाकण उघडा, पाणी बघा, उकळतं पाणी वाढवा आणि पुढे चालू करा. कुकर कोरडा पडू देऊ नका.

दारू नाही म्हणजे हेही आठवड्याच्या आतलंच, फ्रीजमध्ये. ढवळायची रीत त्या रविवारी करायची असेल तर त्याच दिवशी वाफवून फ्रीझरमध्ये ठेवा आणि नाताळच्या आदल्या दिवशी फ्रीजमध्ये काढा. वाढायच्या आधी परत तासभर वाफवायचं. आत नाणं लपवायची पद्धत आहे, पण लहान मुलं असतील तर आत घालू नका, वाढताना ताटलीखाली ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वाचून मी असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. या आठवड्यात साल. रविवारी मुलांना घेऊन पुडिंग, लगेच फ्रीझरमध्ये. त्याच्या पुढच्या आठवड्यात साधं लेबकुखन. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला श्टॉलन. त्यानंतर जिंजरब्रेडचं पीठ आणि घर, दोन्ही केक अगदी शेवटच्या आठवड्यात. म्हणजे श्टॉलन, जिंजरब्रेड, लेबकुखन आणि उकळलेल्या फळांचा केक असे चार पदार्थ सगळ्यांना एकत्र बसून खाता येतील, हे बघून मला फार बरं वाटतंय.

शेवटचा प्रश्न, घराच्या खिडक्यांना काचेसारखं काही करता येतं का? मुलीने चित्र काढून ठेवलंय, त्यात खिडक्या पिवळ्या आहेत.

सुंठमिरी

हो, येतं. लिंबाच्या चवीच्या पिवळ्या पारदर्शक कडक गोळ्या पिशवीत घालून लाटण्याने कुटा. खिडकीची जागा कापलेली भिंत आधी अर्धवट भाजून घ्या, ७-८ मिनिटं, मग त्या भोकात चुरा भोकाच्या काठाइतकाच भरा, जास्त भरला तर वितळून बाहेर येतो. परत आत ४-५ मिनिटं, वितळून बुडबुडे दिसायला लागले की लगेच काढा, पुढे गेलं की रंग तपकिरी होतो. पेपरवरून पूर्ण गार झाल्यावरच उचला आणि कडा कापायच्या तर खिडकीला हात न लावता, ती साखर फार भाजते. हवेत दमटपणा असेल तर खिडक्या दोन-तीन दिवसांत चिकट होतात, तेव्हा खिडक्यांच्या भिंती आयत्या वेळी, म्हणजे २२-२३ तारखेला करा. बाकीच्या भिंती आणि छप्पर आधी भाजून डब्यात ठेवलं तरी चालेल.